शनिवार

तोरणमाळच्या घाटात, चौथ्या वळणाखाली
एक साग कमरेत वाकून उभा आहे.
डोंगर सरकला तेव्हा तो निम्मा आडवा झाला,
मग शेंडा परत आभाळाकडे वळवून
वाढत राहिला, तसाच, वाकडा.

मी वरच्या अंगाने बर्मा लावते.
पोकळ पात्याचा, तीन वर्षं अर्ज करून मिळालेला.
करकरत आत जातो, नव्या चपलेसारखा वास येतो,
आणि पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी
हातात येते, ओलसर.
दुसरी कांडी समोरच्या अंगाने.

सालीकडून आत मोजायचं.
एक कडी, एक वर्ष.
दुष्काळाचं वर्ष केसाएवढं,
त्याच्या मागचं उसन्या पैशासारखं ऐसपैस.
त्रेपन्नावर नख अडतं.
त्याच्या आतल्या कड्या दोन्हीकडे सारख्या,
बाहेरच्या वरून जाड, खालून बारीक,
एका खांद्यावर हंडा नेणाऱ्या बाईच्या चालीसारख्या.
आणि खुद्द त्रेपन्नावी अर्ध्यापर्यंत नीट आहे,
पुढे बिनसली आहे.
म्हणजे पावसाळा उलटत आला होता.

खाली आलेल्या धोंड्यांवर दगडफूल धरलं आहे.
ज्याची पापुद्र्याची पानं हाताला सुटतात
ते रुमलीबाईने केव्हाच पाटीत भरून
धडगावच्या बाजारात नेलं,
माझ्या आईच्या काळ्या मसाल्यात त्यातलं मूठभर असेल.
उरलं ते करड्या डागांचं,
दगडाला दगडासारखंच चिकटलेलं,
ना वास, ना भाव.
मी ते मोजपट्टीने मोजते.
पुलाच्या कठड्यावर साल कोरलेलं आहे,
तिथला डाग एवढा, तर इथला एवढा,
म्हणजे एकोणपन्नास ते अठ्ठावन्न वर्षं.
वहीत लिहिते. अधिक-उणेचं चिन्ह काढताना
नेहमी थोडी लाज वाटते.

"काय शोधी राह्यनी, ताई?"
निंबा ड्रायव्हरला ठाऊक आहे, तरी रोज विचारतो.
डोंगर कव्हय पडना, म्हणते मी.
तो रुमलीबाईला विचारतो,
ती न थांबता म्हणते, थावऱ्या झाला त्या रात्री.

थावऱ्या तिथेच बसलेला,
बिडी न पेटवता ओठात धरून.
थावर म्हणजे शनिवार, निंबा मला समजावतो.
ही त्याची मोठी बहीण.
वर गडगडलं तेव्हा तिने कंदील धरला होता,
खाली आई कण्हत होती,
आणि सकाळी पलीकडची तीन घरं
तांबड्या मातीखाली गेली होती.
कोणती, ते ती बोट दाखवून सांगते.
नावं सांगत नाही.

साल? साल तिला माहीत नाही.
मला वार माहीत नव्हता.

थावऱ्या खिशातून कार्ड काढतो, प्लास्टिकच्या पिशवीतलं.
जन्म एक जानेवारी.
पाड्यावरच्या सगळ्यांचा एक जानेवारी,
शिबिरात कुणीतरी चेहऱ्याकडे बघून वर्ष टाकलेलं.
त्या हिशेबाने तो एकसष्ट.
"तुझं झाड काय म्हणतं?"
मी कांडी पुन्हा उन्हात धरते, पुन्हा मोजते,
आतून बाहेर, बाहेरून आत.
त्रेपन्न.

तो बराच वेळ काही बोलत नाही.
पासष्टला सरकारचे पैसे सुरू होतात,
कार्डावर चार वर्षं राहिली,
झाडावर बारा.
"मग ते झाडापाशीच राहू दे," म्हणतो,
आणि बिडी पेटवतो.
रुमलीबाई एवढी हसते
की पाटीतलं दगडफूल सांडतं.

कांडी मी कागदी नळीत सरकवली,
दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली,
वर क्रमांक, उंची, उताराची दिशा.
नंदुरबारला परतताना गाडीत
तक्ता भरत होते: घटना, वर्ष, चूक किती.
वाराचा रकाना नव्हता.
समासात लिहिला, पेन्सिलीने,
गाडी वळणावर असताना,
म्हणून अक्षर जरा वाकडं आलं आहे.